पहिली बुडी प्रवाळावर नको

मालवण जेटीपासून तारकर्ली-देवबागपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्कूबाचे फलक लागलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच फलकांवर एक ओळ हमखास सापडते: पोहता येत नसलं तरी चालेल. ही ओळ खोटी नाही. दांडीच्या किंवा चिवल्याच्या किनाऱ्यावरून होडी निघते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी थांबते, पर्यटकाला सूट चढवला जातो, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर देतात, नाकाने नाही तर तोंडाने श्वास घ्यायचा हे दोन-तीनदा घटवून घेतात, आणि प्रशिक्षक त्याला मागून धरून पाच-सात मीटर खाली नेतो. दहा-पंधरा मिनिटांनी माणूस वर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते पाहण्यासारखं असतं. आयुष्यात कधी विहिरीतही न उतरलेल्या माणसाला समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप परत आणणं हे सोपं काम नाही, आणि मालवणची पोरं ते रोज करतात.

या धंद्याला माझा विरोध नाही. उलट तो टिकावा, म्हणूनच हा लेख. पण ज्या माणसाला पोहता येत नाही, पाण्यात स्वतःचं शरीर स्थिर ठेवता येत नाही आणि जो पहिल्यांदाच पाण्याखाली श्वास घेतोय, त्याला आपण नेमकं जिवंत प्रवाळाच्या डोक्यावर नेतो. हे थांबलं पाहिजे असं मला वाटतं. पहिली बुडी कुठेही मारा, वाळूवर मारा, नुसत्या कातळापाशी मारा, मुद्दाम बुडवलेल्या सांगाड्यापाशी मारा. पण प्रवाळावर नको.

मालवणचं प्रवाळ कसं आहे हे आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ते आहे हेच ठाऊक नसतं. लक्षद्वीपला बेटंच्या बेटं प्रवाळाची बनलेली आहेत. तसं इथे काही नाही. इथे किनाऱ्याजवळच्या बुडालेल्या खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी वसाहती वाढलेल्या आहेत. पोराइट्सचे गोलसर गोटे, टर्बिनेरियाच्या पसरट, कडेला दुमडलेल्या पाती, फेविटिसचे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे. पावसाळ्यात खाड्यांतून येणारं गोडं, गढूळ पाणी, वर्षातले कितीतरी महिने कमी दिसणारा समुद्र, लाटांचा मारा, हे सगळं सोसून ते इथे उभं आहे. लक्षद्वीपचं नितळ पाणी पाहून आलेला माणूस मालवणच्या प्रवाळाकडे पाहून नाक मुरडेल, पण अशा पाण्यात प्रवाळ तग धरून आहे हीच त्याची मोठी गोष्ट. आणि ते थोडं आहे. जिथे मैलोन्‌मैल प्रवाळभित्ती आहे तिथे दहा वसाहती फुटल्या तर खपून जातं. इथे एकेका खडकावर मोजून सापडतील एवढ्या वसाहती, त्यांतल्या दहा गेल्या की तो खडक गेला.

प्रवाळाचा गोटा दगड वाटतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. आतला बहुतेक भाग खरोखरच चुनखडीचा, जुना, मेलेला सांगाडा असतो. जिवंत असतं ते वरचं काही मिलिमीटरचं कातडं. त्यात हजारो पॉलिप, म्हणजे प्रवाळ घडवणारे इवलेसे जीव, आणि प्रत्येक पॉलिपच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल, जे सूर्यप्रकाशावर अन्न बनवून प्रवाळाला पोसतं. त्या कातड्यावर पायात घातलेल्या फिनचं टोक घासलं, गुडघा टेकला, धरायला म्हणून बोटं रुतली, की तेवढा भाग मरतो. जखमेवर शेवाळ बसतं, कधी रोग शिरतो. पोराइट्ससारखं गोटाळ प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे चहूबाजूंनी वाढत दोन वीत रुंद झालेला गोटा ही निदान वीस-पंचवीस वर्षांची वाढ असते. टर्बिनेरियाची पात त्याहून नाजूक, तिच्या कडेवर नुसता पाय पडला तरी तुकडा निघतो.

मी स्वतः स्कूबा शिकलो आहे आणि मालवणला पुष्कळदा पाण्यात उतरलो आहे. एकदा किल्ल्याजवळच्या खडकावर थोडा बाजूला थांबून मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. एक प्रशिक्षक पर्यटकाला घेऊन खाली आला. एका गोट्यापाशी त्याने त्याला टेकवलं, गोट्याची कड धरायला हात दिला, समोर पाव कुस्करून टाकला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा क्षणात जमला. दुसऱ्या मुलाने समोरून व्हिडिओ घेतला, पर्यटकाने दोन्ही अंगठे वर केले, आणि मग त्याला उचलून वर नेलं. काही मिनिटांत त्याच गोट्यापाशी पुढचा पर्यटक. मग त्याच्या पुढचा. गोट्याची जी कड सगळ्यांच्या हाती येत होती ती पांढुरकी आणि गुळगुळीत झाली होती, तिच्यावर एक पॉलिप उरला नव्हता. हातभर अंतरावर, जिथे कुणाचा हात पोचत नव्हता, तिथे तोच गोटा तपकिरी-हिरवा आणि जिवंत होता. यात कुणाची दुष्टाई नव्हती. पर्यटकाला कुठेतरी धरायला हवंच होतं, आणि प्रशिक्षकाला कुठेतरी थांबायला.

धरायला हवंच होतं, हे महत्त्वाचं आहे. स्कूबात सगळ्यांत आधी येणारं आणि सगळ्यांत उशिरा अंगवळणी पडणारं कौशल्य म्हणजे ब्वॉयन्सी: ना वर जायचं, ना खाली, पाण्यात अधांतरी राहायचं. श्वास घेतला की शरीर उचललं जातं, सोडला की बसतं. शिकलेला माणूस नुसत्या श्वासावर हातभर वर-खाली होऊ शकतो. नवशिक्या घाबरलेला असतो, भराभर आणि खोल श्वास घेत असतो, आणि तो मध्येच वर उसळू नये म्हणून बऱ्याचदा त्याच्या कंबरेला शिशाची वजनं थोडी जास्तच बांधलेली असतात. असा माणूस तळाला टेकणार. त्याचे पाय सायकल चालवल्यासारखे हलणार, वाळू उडणार, ती वाळू शेजारच्या प्रवाळावर बसणार आणि ते झटकायला प्रवाळाला चिकट स्राव सोडत बसावं लागणार, ज्यात त्याची शक्ती जाते. हे सगळं कितीही सूचना दिल्या तरी होणार. दहा मिनिटांत कुणी ब्वॉयन्सी शिकत नाही. त्यामुळे 'पर्यटकांनी जबाबदारीने वागावं' असले फलक लावून काही साधणार नाही. त्या माणसाकडे जबाबदारीने वागायला लागणारं शरीरच त्या क्षणी नसतं.

कॅरिबियनमधल्या सेंट लुशियात २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. बुडीपूर्वीच्या माहितीत 'प्रवाळाला हात लावू नका' एवढं एक वाक्य घातलं, तर पाणबुड्यांच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही. पण प्रवाळाला धक्का लागताना दिसताच बुडी नेणाऱ्याने जागच्या जागी अडवलं, तेव्हा धक्क्यांचं प्रमाण मिनिटाला ०.३ वरून ०.१ वर आलं. आणि ज्यांच्या हातात कॅमेरा होता त्यांचे धक्के कॅमेरा नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ते लोक शिकलेले होते, बिनशिकलेले नाहीत. म्हणजे प्रवाळ वाचवणारा खरा माणूस पाण्यातला प्रशिक्षक आहे. मालवणात तर पर्यटक पूर्णपणे त्याच्याच हातात असतो. तो म्हणेल तिथेच जातो, तो टेकवेल तिथेच टेकतो. इथे बदल घडवायला हजारो पर्यटकांना शिकवावं लागत नाही. काही शे स्थानिक तरुणांचं काम करण्याचं ठिकाण आणि पद्धत बदलली की पुरतं.

मग ती बदलत का नाही? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली मालवणमधल्या पर्यटनबुड्यांनी प्रवाळाची कशी हानी होते यावर शोधनिबंध लिहिला. त्याचा रोख बेजबाबदार पर्यटकांपेक्षा उत्तरदायित्वाच्या अभावावर आहे. ही जागा कुणाचीच नाही असं नाही, ती कायद्याने राखलेली आहे. तरी तिथे घडणाऱ्या गोष्टीला उत्तर देणारं कुणी नाही.

कागदावर पाहिलं तर संरक्षणाची कमतरता नाही. १९८७ साली मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातला तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग गाभ्याचा, आणि त्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे बुडालेले खडक. म्हणजे जिथे रोज होड्या थांबतात तेच सगळं. २००१ पासून भित्ती बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्याने त्याला वाघाच्या रांगेत बसवलं आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही प्रवाळाचा समावेश सर्वांत संवेदनशील वर्गात होतो. पण अभयारण्य वनखात्याचं, होड्यांचे आणि जलक्रीडांचे परवाने मेरीटाइम बोर्डाचे, मासेमारी मत्स्यविभागाची, पर्यटनाची जाहिरात पर्यटन महामंडळाची. खडकावर नांगर कोसळतो तेव्हा त्या पाण्यात यांपैकी कुणीच नसतं.

नांगराचा विषय निघालाच आहे तर तो आधी संपवतो. पर्यटकाच्या हातापायांपेक्षा नांगर वाईट. तो पडताना फोडतो, वाऱ्यावर होडी फिरली की त्याची साखळी किंवा दोर खडकावर घासत राहतो, आणि निघताना अडकला की ओढून काढताना मोठा तुकडा घेऊन येतो. यावरचा उपाय जगभर वापरात आहे आणि स्वस्त आहे: तळात पक्का वजनी ठोकळा, त्याला दोर, वर तरंगणारी बोया. होडीने बोयाला बांधून घ्यायचं, नांगर टाकायचाच नाही. मी एका होडीवाल्याला यावर छेडलं होतं. तो वैतागून म्हणाला, "मगे नांगर टाकूचो खंय? तुमी बोया दाखवा, आमी थंय बांधतव." त्याच्या बोलण्यात चुकीचं काहीच नव्हतं. जो बोया पुरवत नाही त्याला नांगर टाकणाऱ्यावर बोट दाखवायचा अधिकार नाही.

आता ज्या आक्षेपांना मी खरोखर मान देतो त्यांच्याकडे येतो.

पहिला आक्षेप अभ्यासकांकडून येतो. प्रवाळ मरतंय ते समुद्र तापल्यामुळे, पर्यटकांच्या पायांकडे काय बघत बसलात? हा आक्षेप वजनदार आहे. पाण्याचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अंशभराने जास्त होऊन काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि आता २०२३ पासून सुरू झालेली चौथी जागतिक लाट, जी एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाली. या लाटेची झळ जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला बसली. मालवणातही विरंजन नोंदलं गेलं आहे. या तापासमोर मालवणच्या होडीवाल्याचं किंवा जिल्हा प्रशासनाचं काही चालत नाही, हे मान्य.

पण विरंजन झालेलं प्रवाळ मेलेलं नसतं. पाणी निवलं तर ते पुन्हा शैवाल घेऊन उभं राहू शकतं. त्या आठवड्यांत ते उपाशी असतं, आणि उपाशी प्राण्यावर वरून माती बसणं, ओरखडे पडणं, रोग शिरणं या गोष्टी नेहमीपेक्षा कितीतरी जड जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी तापतं एप्रिल-मेमध्ये. शाळांना सुट्ट्या लागतात आणि मालवण पर्यटकांनी फुलून जातं तेही एप्रिल-मेमध्येच. ताप आणि गर्दी एकाच वेळी अंगावर येतात. ताप आपल्या हातात नाही म्हणून गर्दीचंही काही करायचं नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. हातात जे आहे ते तरी करावं.

दुसरा आक्षेप मालवणातूनच येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. आमचं पोट यावर आहे, तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक येऊन नियम शिकवणार का? या प्रश्नामागे इतिहास आहे. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण संरक्षण म्हणजे आपल्याला आपल्याच पाण्यातून हाकलणं हाच अनुभव आणि हीच भीती. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा, छोट्या होडीने जाळं टाकणारा गाबीत मच्छीमार पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीशी वर्षानुवर्षं झगडतोय. मासळी कमी झाली तेव्हा मुंबईची वाट धरण्यापेक्षा अनेक घरांतली मुलं स्कूबाकडे वळली. ज्या खडकांची नावं, खोली, प्रवाह त्यांच्या आज्या-पणज्यांना पाठ होते, त्याच खडकांनी त्यांना नवा धंदा दिला. हे मालवणसाठी फार चांगलं झालं आहे. उद्या कुणी सरसकट बंदीची मागणी केली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन.

मात्र याच कारणासाठी मला वाटतं की प्रवाळाची खरी मालकी आणि खरी राखण दोन्ही इथल्या होडीवाल्यांच्या आणि प्रशिक्षकांच्या हातात यायला हवीत. आज ज्याच्याकडे भांडवल असेल तो होडी आणि सिलिंडर घेऊन उतरू शकतो आणि भाव पाडू शकतो. हजाराच्या आसपास मिळणारी बुडी स्पर्धेत आणखी खाली येते, मग दिवसाला जास्त फेऱ्या मारल्याशिवाय भागत नाही, प्रशिक्षक एकामागून एक पर्यटक खाली नेत राहतो, त्याचे स्वतःचे कान आणि छाती झिजतात, आणि घाईत तो जवळचाच गोटा गाठतो. स्वस्त बुडीची किंमत प्रशिक्षक आणि प्रवाळ दोघं मिळून भरतात. होड्यांची आणि रोजच्या बुड्यांची संख्या बांधून दिली, परवाने स्थानिक मच्छीमार कुटुंबांपुरते ठेवले, तर भाव टिकेल आणि घाई जाईल. मासेमारीतली पावसाळी बंदी इथल्या लोकांना परकी नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी न लोटणाऱ्या समाजाला 'काही काळ, काही जागा सोडून द्यायची' हे बाहेरच्यांनी शिकवायला नको. त्या शहाणपणाला फक्त कायद्याचं बळ हवं.

मर्यादेचा संबंध माणसांच्या जिवाशीही आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पावसाळी बंदी लागण्याच्या तोंडावरचे ते दिवस होते, समुद्र खवळायला लागला होता. होडीत किती माणसं, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट आहे की नाही, कोणत्या दिवशी पाण्यात जायचं नाही, हे ठरवणारी शिस्त आणि प्रवाळावर कुठे थांबायचं हे ठरवणारी शिस्त एकाच व्यवस्थेतून येते. बुडीत कान दुखले तर थांबायचं, वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, रोखला तर दीड-दोन मीटरच्या चढावरही फुप्फुसाला इजा होऊ शकते, हे पर्यटकाला घाईत सांगून चालत नाही. आणि जो प्रशिक्षक हे सांगायला दहा मिनिटं देतो, तो प्रवाळापासून हातभर लांब राहायलाही वेळ देतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. प्रवाळ फक्त शिकलेल्यांसाठी राखायचं म्हणजे पैसेवाल्यांसाठी राखायचं. स्कूबाचा पूर्ण अभ्यासक्रम करायला चार-पाच दिवस आणि बरेच हजार रुपये लागतात. इचलकरंजीहून किंवा सांगलीहून वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन आलेल्या माणसाने काय करायचं? समुद्र त्याचा नाही का?

समुद्र त्याचाही आहे. पण त्या पहिल्या दहा मिनिटांत त्याला काय मिळतं ते नीट पाहू. पाण्याखाली श्वास घेता येतो याचं आश्चर्य, स्वतःच्या श्वासाचा आवाज, वर चमकणारा पृष्ठभाग, अंगाशी आलेले मासे. प्रवाळ त्याला क्वचितच दिसतं. मास्कमध्ये थोडं पाणी, मनात धास्ती, डोळ्यासमोर पाव खाणारे मासे. तो ज्यावर टेकलाय तो प्राणी आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हा सगळा आनंद वाळूच्या तळावर, प्रवाळ नसलेल्या कातळापाशी किंवा सहा-सात मीटरवर मुद्दाम ठेवलेल्या काँक्रीटच्या रचनेभोवती तसाच्या तसा मिळतो. अशा रचनांभोवती मासे आपोआप जमतात, पाव टाकावा लागत नाही. पाव टाकणं बंदच झालं पाहिजे. त्याने दांडगे, खादाड मासे एका जागी गोळा होतात आणि प्रवाळावरचं शेवाळ चरून ते साफ ठेवणाऱ्यांना जागा उरत नाही. ज्याला पुढे प्रवाळच पाहायचं असेल त्याच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा संस्था आहे. तिथे मराठीतून, परवडेल अशा शुल्कात, दोन दिवसांचा छोटा वर्ग चालवावा: तलावात ब्वॉयन्सी, मग वाळूवर एक बुडी, आणि जमलं तर तिसरी प्रवाळाजवळ. सरकारला पर्यटनात पैसा घालायचाच आहे तर सवलत या वर्गावर द्यावी. एक शिक्षक, एक रिक्षावाला, एक कॉलेजची मुलगी तिथून शिकून बाहेर पडली, तर तीच पुढे प्रवाळाची बाजू घेणारी माणसं होतील.

नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' निवती रॉकजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूने आहे, पण तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. निवतीचे खडक किनाऱ्यापासून लांब आहेत, आणि अख्खी युद्धनौका मावेल एवढं पाणी खोल लागतं. नवशिक्यांसाठी जगातल्या मोठ्या प्रशिक्षण संस्थांची मर्यादा १२ मीटरची आहे. बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरणं हे तर अनुभवी पाणबुड्यांचं काम. म्हणजे गुलदारमुळे शिकलेल्यांना नवी जागा मिळेल, पण किल्ल्याजवळच्या खडकांवरचा पहिल्या बुडीचा भार त्याने हलका होणार नाही. त्यासाठी किनाऱ्याजवळ, उथळ, वाळूवरच्या साध्या रचनाच लागतील. त्यांची बातमी होणार नाही, उद्घाटनाला मोठा सोहळा होणार नाही, म्हणून त्या राहून जाऊ नयेत.

बाहेर हे जमवलं आहे. मलेशियाच्या सिपादान बेटावरची सगळी रिसॉर्ट २००४ च्या अखेरीस हलवली गेली आणि पाणबुड्यांना रोज १२० परवान्यांची मर्यादा घातली गेली. पुढे आकडा वाढला, पण मोजून परवाने देणं सुरू राहिलं. कॅरिबियनमधल्या बोनेअरचा सागरी उद्यान म्हणून कारभार १९७९ पासूनचा. तिथे प्रवाळावर नांगर टाकायला बंदी, ठिकठिकाणी बोया, पाणबुड्याकडून निसर्गशुल्क, आणि कितीही अनुभवी माणूस आला तरी आधी माहिती ऐकून एका सोप्या जागी स्वतःची ब्वॉयन्सी तपासून घ्यायची. त्या शुल्कातून उद्यान चालतं. हवाईच्या हनौमा उपसागरात तर नुसतं पोहायला जाणाऱ्यालाही आधी छोटी फिल्म पाहावी लागते, आणि आठवड्यातले दोन दिवस तो बंद असतो. या सगळ्या ठिकाणी पर्यटन बुडालेलं नाही. लोक तिथे जातात ते तिथलं प्रवाळ अजून पाहण्यासारखं आहे म्हणून.

तांबडा समुद्र आणि कॅरिबियनमधल्या अभ्यासांवरून १९९० च्या दशकात संशोधकांनी एक ढोबळ आकडा मांडला होता: एका जागी वर्षाला पाच-सहा हजार बुड्यांपलीकडे गेलं की प्रवाळाची हानी वेगाने वाढते. हा आकडा मालवणला जसाच्या तसा लावता येणार नाही. तिकडच्या प्रवाळाचा विस्तार मोठा, आणि बुड्या मारणारे बहुतेक शिकलेले. आपल्याकडची मर्यादा त्याहून खालीच असणार. ती ठरवायची तर खडकागणिक रोजची नोंद हवी: कुठली होडी, कुठला खडक, किती माणसं. होडीवाल्याच्या फोनवर अर्ध्या मिनिटात होणारं हे काम आहे. नोंदीशिवाय सगळी चर्चा हवेत राहते, आणि हवेतल्या चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालतं.

अँग्रिया बँकेचा उल्लेख करायला हवा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचं नाव मिरवणारं हे बुडालेलं प्रवाळक्षेत्र सुमारे ४० किलोमीटर लांब आहे आणि त्याचा सर्वांत उथळ भागही वीस मीटर खाली. आज तिथवर सामान्य पर्यटक जात नाही. पण मोठ्या बोटी येतील, सहलींची जाहिरात होईल, ते दिवस फार लांब नाहीत. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, किल्ल्याच्या तटावरून दिसणाऱ्या पाण्यात आपण जे नियम पाळायला शिकलो नाही, ते शंभर किलोमीटर आत खोल समुद्रात पाळले जातील अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

म्हणून सुरुवात मालवणातच करावी, आणि ती पावसाळ्यात करावी. मे संपता संपता जलक्रीडा बंद होतात, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि सगळे घरी सापडतात. वनखातं, मेरीटाइम बोर्ड, तारकर्लीची संस्था आणि होडीवाल्यांच्या संघटना यांनी त्या तीन महिन्यांत एका टेबलाशी बसून एकच नकाशा काढावा. कुठले खडक फक्त शिकलेल्यांसाठी, कुठली वाळू पहिल्या बुडीसाठी, कुठला खडक दोन वर्षं कुणीच जायचं नाही म्हणून सोडून द्यायचा, हे त्यावर उमटावं. प्रत्येक बुडीमागे पन्नास रुपये घेऊन ते मुंबईला न पाठवता बोया, त्यांचे दोर आणि देखरेख करणाऱ्या स्थानिक मुलांच्या पगारासाठी ठेवावेत. व्हिडिओ हवा तर वाळूवर काढावा. आणि सप्टेंबरात समुद्र उघडेल त्याच्या आधी निदान किल्ल्याजवळच्या मुख्य खडकांवरच्या बोयांच्या जागा दांडीच्या आणि चिवल्याच्या होडीवाल्यांना विचारून पक्क्या कराव्यात, कारण वारा कुठून येतो आणि होडी कुठे फिरते हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.